एस्टोनियाची नेव्ही: एवढ्याशा देशाला ती लागते कशाला आणि ती करते तरी काय

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एस्टोनियाच्या नेव्हीने रशियाकडे निघालेला टँकर अडवला अशी बातमी वाचली, तर ज्या देशाची लोकसंख्या पुण्याच्या निम्मीसुद्धा नाही त्याची नेव्ही आली कुठून, ती करते काय, आणि भाच्याला एका एजंटने त्याच भागात फिरणाऱ्या टँकरवर थर्ड ऑफिसरची ऑफर दिलीय तर पाठवायचं का.

आधी सांगतो, मी नेव्हीतला माणूस नाही. मी टँकरवाला, थर्ड मेटपासून मास्टरपर्यंत सगळं टँकरवरच झालं आणि त्यातली बरीच वर्षं बाल्टिक समुद्रात गेली. एस्टोनियातलं मूगा, रशियातली प्रिमोर्स्क आणि उस्त-लुगा ही पोर्टं पाठ झालीत. एस्टोनियन नेव्हीच्या बोटी रोज बाजूने जाताना बघितल्यात, व्हीएचएफवर (म्हणजे जहाजाच्या रेडिओवर) बोलणं झालंय, आणि त्यांच्या राजधानीत, टॅलिनला, किनाऱ्यावर उतरायची सुट्टी मिळाली की त्यांच्या म्युझियममध्ये जाऊन बसायची सवय होती, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे मॅप उघडा आणि फिनलंडचं आखात बघा. वर फिनलंड, खाली एस्टोनिया, आणि पूर्वेला अगदी टोकाला सेंट पीटर्सबर्ग. टॅलिन ते हेलसिंकी जेमतेम ८० किलोमीटर, फेरी दोन तासांत सोडते. खोली सरासरी ४० मीटरच्या आत, म्हणजे समुद्र म्हणावा तर तसा उथळच. रशियाच्या तेलाचा मोठा हिस्सा ह्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच बाहेर पडतो. ह्या उथळ पाण्याच्या तळाशी शंभर वर्षांचा दारूगोळा पडलाय आणि त्याच तळावरून आता विजेच्या आणि इंटरनेटच्या केबल गेल्यात. एस्टोनियाची नेव्ही समजून घ्यायची तर नजर पाण्यावर नको, तळावर ठेवा. मोठ्या तोफा, मोठ्या बोटी शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आता सुरुवात कशी झाली ते. एस्टोनियाने २४ फेब्रुवारी १९१८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं खरं पण लगेच जर्मन सैन्य आत आलं, आणि नोव्हेंबरमध्ये जर्मनी महायुद्ध हरून निघून जायला लागली तशी पूर्वेकडून रशियाच्या बोल्शेविकांची (कम्युनिस्टांची) रेड आर्मी घुसली. देशाकडे सैन्य धड नाही, पैसा नाही. अशा वेळी २१ नोव्हेंबर १९१८ ला नेव्ही सुरू झाली, हाच त्यांचा नेव्ही डे. पहिला कमांडर योहान पित्का, आणि हा माणूस मला फार आवडतो कारण तो मूळचा आपल्यातलाच, मर्चंट नेव्हीचा. शिडाच्या जहाजांवर वाढलेला कॅप्टन, नंतर शिपिंगचा धंदा करणारा. नेव्ही तर उभी केलीच पण जमिनीवर लढायला चिलखती रेल्वेगाड्या तयार करण्यातही तोच पुढे. नेव्ही म्हणजे काय होतं त्याच्याकडे? एक जुनी रशियन गनबोट हाती आली, 'बोब्र' नावाची. ती दुरुस्त केली, नाव ठेवलं 'लेंबिट', आणि झाली नेव्ही.

डिसेंबरमध्ये ब्रिटिश रॉयल नेव्हीचं एक स्क्वॉड्रन मदतीला आलं, रिअर अॅडमिरल अलेक्झांडर-सिंक्लेअरच्या हाताखाली. येतानाच त्यांनी एक क्रूझर गमावली. 'कॅसँड्रा' ५ डिसेंबरला सारेमा बेटाजवळ पाणसुरुंगावर गेली आणि बुडाली, युद्ध संपून महिनासुद्धा झाला नव्हता. पहिल्या महायुद्धात रशियनांनी टॅलिनच्या समोरून फिनलंडच्या किनाऱ्यापर्यंत माइनफील्ड, म्हणजे पाणसुरुंगांचा (माइनचा) पट्टा, टाकलं होतं आणि जर्मनांनी आपले वेगळे टाकले होते, कोणाचा कुठे आहे ह्याचा मेळ कोणालाच नव्हता. म्हणजे बघा, एस्टोनियाच्या नेव्हीच्या जन्माच्या वेळीच माइन हजर होती.

मग २६ डिसेंबरचा तो प्रसंग, जो सांगताना एस्टोनियन लोक अजून हसतात. बोल्शेविकांची 'स्पार्टाक' नावाची डिस्ट्रॉयर टॅलिनसमोरच्या बेटांवर तोफा डागायला आली, समोरून ब्रिटिश जहाजं निघालेली बघून पळायला लागली, आणि पळताना मागे गोळे मारायला एक तोफ इतकी फिरवली की तिच्याच धमाक्याने ब्रिजवरचे (जिथून जहाज चालवतात तिथले) चार्ट, म्हणजे समुद्राचे नकाशे, उडाले आणि ब्रिजवरची माणसं सुन्न झाली. चार्ट नाही, भान नाही, पुढे उथळ खडक. गेली वर चढून. आमच्या भाषेत साधं ग्राउंडिंग, कारण नॅव्हिगेशन सुटलं. दुसऱ्या दिवशी तिची जोडीदार 'अवत्रोइल' पण पकडली गेली. 'स्पार्टाक'वर सापडला फ्योदर रास्कोलनिकोव्ह, बोल्शेविक नेव्हीतलं मोठं धेंड, पुढे ब्रिटिश कैद्यांच्या बदल्यात त्याला सोडलं. दोन्ही बोटी ब्रिटिशांनी एस्टोनियाला देऊन टाकल्या, नावं ठेवली 'वांबोला' आणि 'लेन्नुक'. एका आठवड्यात जुन्या गनबोटीवरून थेट दोन डिस्ट्रॉयर, त्यासुद्धा फुकट.

त्या बोटी लगेच कामाला लागल्या. जानेवारी १९१९ मध्ये उत्रिया नावाच्या किनाऱ्यावर, रेड आर्मीच्या पाठीमागे, एस्टोनियन आणि फिनिश स्वयंसेवक मिळून साधारण हजार माणसं समुद्रातून उतरवली, आणि पुढच्या दोन दिवसांत नार्व्हा शहर हातात आलं. बर्फाच्या पाण्यात, भर जानेवारीत, बंदर नसलेल्या किनाऱ्यावर माणसं उतरवणं हे काय प्रकरण आहे ते ज्याने तिथला हिवाळा डेकवर काढलाय त्यालाच कळेल, रेलिंगला हात लागला तर ग्लोव्ह चिकटतो. माझ्या मते त्या नेव्हीचं इतिहासातलं सगळ्यात मोठं काम तेच.

पुढची वीस वर्षं मात्र पैशाची ओढाताण. दोन डिस्ट्रॉयर चालवणं ह्या देशाला झेपेना. १९३३ मध्ये पेरूला त्या विकल्या, कारण पेरूचं तेव्हा कोलंबियाशी भांडण चालू होतं आणि त्यांना तातडीने बोटी हव्या होत्या. आणि त्याऐवजी काय घेतलं, तर इंग्लंडमधल्या बॅरो इथल्या विकर्स-आर्मस्ट्राँगकडून दोन पाणबुड्या, 'कालेव' आणि 'लेंबिट'. ७ जुलै १९३६ ला दोन्ही एकाच दिवशी पाण्यात सोडल्या. ह्या पाणबुड्यांकडे नीट बघा म्हणजे त्यांच्या डोक्यात काय होतं ते कळतं. टॉर्पेडो होतेच, पण दोन्ही बाजूंना उभ्या नळ्या बसवल्या होत्या आणि त्यांतून २० माइन सोडता यायच्या. म्हणजे गुपचूप जायचं, शत्रूच्या वाटेत पेरायचं आणि परत यायचं. छोट्या देशाने मोठ्याला समुद्रात अडवायचं असेल तर ह्याहून स्वस्त उपाय तेव्हाही नव्हता आणि आताही नाही.

'लेंबिट' आजही आहे. सोव्हिएत नेव्हीने १९४० मध्ये ती ताब्यात घेतली, अख्खं दुसरं महायुद्ध तिने काढलं, 'कालेव' बुडाली पण ही वाचली, आणि २०११ पर्यंत ती पाण्यातच होती. आता टॅलिनच्या लेन्नुसादाममध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या विमानांच्या काँक्रीटच्या हँगरमध्ये ठेवलीय. आत जाता येतं. टॉर्पेडो रूममध्येच बंक, डोक्याशी टॉर्पेडो घेऊन झोपायचं. मी आत गेलो की आधी व्हॉल्व्ह बघत बसायचो, ब्रिटिश पितळी काम, काय फिनिशिंग आहे.

पण ह्या दोन पाणबुड्यांनी देश वाचला का? नाही. आणि त्यात एका तिसऱ्याच पाणबुडीचा हात लागला. सप्टेंबर १९३९, जर्मनीने पोलंडवर हल्ला केलाय, पोलिश पाणबुडी 'ओझेल' आजारी कॅप्टनला उतरवायला टॅलिनला आली. एस्टोनिया तटस्थ, त्यामुळे नियमाप्रमाणे पाणबुडी अडकवून ठेवली, चार्ट काढून घेतले, शस्त्रं उतरवायला सुरुवात केली. १८ सप्टेंबरच्या पहाटे क्रूने दोन पहारेकरी ताब्यात घेतले आणि अंधारात पाणबुडी घेऊन पसार. चार्ट नसताना, दीपगृहांच्या यादीवरून आणि आठवणीतून कामचलाऊ चार्ट काढून, अख्खा बाल्टिक पार करून ते ऑक्टोबरमध्ये ब्रिटनला पोचले, पहारेकऱ्यांना वाटेत स्वीडनच्या किनाऱ्यावर सोडलं. नॅव्हिगेटर म्हणून मी टोपी काढतो. पण मॉस्कोला आयतं निमित्त मिळालं, की ह्यांना स्वतःचा समुद्र सांभाळता येत नाही, तेव्हा आमचे तळ इथे हवेत. २८ सप्टेंबरला करार लादला, जून १९४० मध्ये सगळा देश गिळला. नेव्ही एकही गोळी न झाडता गेली. आपल्याच बंदरात काय चाललंय त्यावर ताबा नसला तर दुसरा येऊन ताबा घेतो, हे तिकडच्या ऑफिसरांच्या मनात किती खोल बसलंय ते आज केबलच्या बाबतीत त्यांची घाई बघितली की कळतं.

दुसऱ्या महायुद्धाचं एकच सांगतो. ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मन सैन्य टॅलिनला भिडलं तेव्हा सोव्हिएत ताफा माणसं भरून लेनिनग्राडकडे निघाला, आणि युमिंडा टोकासमोर जर्मन आणि फिनिश लोकांनी पेरलेल्या माइनफील्डमध्ये शिरला. डझनावारी जहाजं गेली, हजारो माणसं बुडाली. ह्या पाण्यातून आम्ही टँकर घेऊन निवांत कॉफी पीत जातो, डेप्थ कमी असते, एको साउंडर (खोली मोजायचं यंत्र) बघत असतो, आणि खाली ते सगळं पडलेलं आहे.

मग सोव्हिएत काळ, त्यात एस्टोनियाची स्वतःची नेव्ही नाहीच. १९९१ ला पुन्हा स्वातंत्र्य आणि १९९३ ला पुन्हा नेव्ही, पुन्हा शून्यातून. रशियन सैन्य ऑगस्ट १९९४ च्या शेवटी गेलं, पाल्दिस्कीला त्यांचं अणुपाणबुडीचं ट्रेनिंग सेंटर होतं, खरे रिअॅक्टर असलेलं, ते पुढच्या वर्षी हातात आलं. रशियन गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात, २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री 'एस्टोनिया' नावाची फेरी बुडाली, ८५२ माणसं गेली. देशाकडे तेव्हा शोधकार्याला धड जहाज नव्हतं, फिनलंड आणि स्वीडनची हेलिकॉप्टरं आणि आसपासच्या फेऱ्यांनी जे वाचवता आले ते वाचवले.

नवी नेव्ही परत दुसऱ्यांच्या जुन्या बोटींवरच. पूर्व जर्मनीच्या मोडीत निघालेल्या नेव्हीतल्या बोटी जर्मनीने दिल्या, फिनलंडने दोन दिल्या, डेन्मार्कने एक मोठी पेट्रोल शिप दिली तिला नाव दिलं 'अॅडमिरल पित्का'. लोक हसायचे, म्हणायचे सगळ्या बाल्टिकचं भंगार टॅलिनला जातं. पण एक निर्णय त्यांनी फार शहाणपणाने घेतला असं माझं मत. सगळं थोडं थोडं करण्यापेक्षा एकच गोष्ट नीट करायची ठरवली, माइन शोधणं आणि निकामी करणं. लिथुआनिया, लॅटव्हियाबरोबर मिळून १९९८ मध्ये बाल्ट्रॉन नावाचं एकत्र पथक काढलं, २००४ मध्ये नेटोत गेले, आणि नेटोच्या माइनवाल्या ताफ्यात कायम ह्यांची बोट असते. २००७ ते २००९ मध्ये ब्रिटनकडून तीन वापरलेले सँडाउन क्लास माइनहंटर घेतले. नावं 'अॅडमिरल कोवन', 'साकाला', 'उगांडी'. कोवन म्हणजे १९१९ मध्ये इथे आलेला ब्रिटिश अॅडमिरल, परक्या देशाच्या अॅडमिरलचं नाव आपल्या बोटीला द्यायला मन मोठं लागतं.

हा माइनहंटर कसा काम करतो ते जरा सविस्तर, कारण खरं काम हेच आहे. बोट साधारण ५२ मीटर लांब आणि हल (बोटीचं मुख्य अंग) फायबरग्लासचं. लोखंड टाळायचं कारण काही माइन जहाजाच्या चुंबकीय क्षेत्रावर फुटतात. खाली नेहमीचा प्रोपेलर नाही, फोइथ-श्नायडर, म्हणजे गोल तबकडीखाली उभी पाती फिरतात आणि त्यांचा कोन बदलून बोट पुढे-मागे-आडवी कुठेही सरकवता येते, वारा असला तरी एका जागी तरंगत ठेवता येते. मग सोनारने (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ दाखवणारं यंत्र) तळ विंचरत जायचं, शेतात नांगर घालतो तसं ओळीने. स्क्रीनवर ठिपका आला की मोठी डोकेदुखी, कारण बाल्टिकचा तळ हिमयुगातल्या दगडगोट्यांनी भरलाय, प्रत्येक गोटा माइनसारखा दिसतो, वर लोकांनी टाकलेले ड्रम, तुटलेले अँकर, काय काय. सोनारवर बसलेला पोरगा सावलीच्या आकारावरून ठरवतो की हे बघण्यासारखं आहे का. असेल तर बोट लांब उभी ठेवून वायर लावलेला छोटा रोबोट खाली सोडतात, कॅमेऱ्याने बघतात, खात्री झाली की शेजारी स्फोटक लावून उडवतात, कधी डायव्हर जातात.

आणि ते माइन जुने म्हणून मेलेत असं समजू नका. पहिल्या महायुद्धातल्या गोल माइनला शिंगं असतात ना चित्रात बघतो तशी, त्या शिंगाच्या शिशाखाली काचेची नळी, तिच्यात अॅसिड. जहाज आदळलं की शिंग वाकतं, काच फुटते, अॅसिड बॅटरीच्या प्लेटवर सांडतं आणि तिथल्या तिथे करंट तयार होऊन स्फोट. म्हणजे बॅटरी आधीपासून चार्ज असायची गरजच नाही, ती आदळल्यावर जन्माला येते, त्यामुळे शंभर वर्षं पडून राहिली तरी भरवसा नाही. दोर कुजून माइन तळाला जाते, चिखलात बसते, आणि मग मासेमारीच्या जाळ्यात येते नाहीतर कोणी पाइपलाइन टाकायला गेला की समोर उभी राहते. नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइन टाकताना ह्याच आखातातले माइन आधी साफ करावे लागले होते.

आपल्याला हे लांबचं वाटतं पण तसं नाही. १९१७ मध्ये जर्मनीच्या 'वोल्फ' नावाच्या जहाजाने मुंबईबाहेर माइन टाकले होते आणि त्यावर जाऊन पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' त्याच जूनमध्ये बुडालं. आणि आजचं बघायचं तर आपल्या नेव्हीची शेवटची माइनस्वीपर 'कोझिकोड' २०१९ मध्ये निवृत्त झाली. एवढ्या प्रचंड नेव्हीकडे जे नाही ते ह्या चिमुकल्या देशाकडे तीन आहेत. असो, तो वेगळा विषय, त्यावर बोलायला लागलो तर बीपी वाढतं.

आता गेल्या काही वर्षांचं, ज्यावरून प्रश्न आलाय. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत एस्टोनियात एक विचित्र वाटणी होती, नेव्हीकडे माइनहंटर आणि समुद्रात गस्त घालणाऱ्या मोठ्या बोटी मात्र पोलीस आणि बॉर्डर गार्डकडे. त्या वर्षी १ जानेवारीला तो सगळा ताफा नेव्हीत घातला, त्यात 'राजू' नावाची पेट्रोल शिप आली. हो, 'राजू'च, आमच्या मराठी क्रूला ऐकून फार मजा वाटायची, व्हीएचएफवर नाव आलं की कोणीतरी हमखास "काय रे राजू" म्हणणार. तिकडे ह्याचा अर्थ वादळ.

आणि वेळ अगदी बरोबर साधली म्हणायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड-एस्टोनिया गॅस पाइपलाइन बाल्टिककनेक्टर फुटली, शेजारीच तुटलेला अँकर सापडला, संशय हाँगकाँगच्या झेंड्याच्या 'न्यून्यू पोलर बेअर'वर. मग २५ डिसेंबर २०२४ ला एस्टलिंक-२, म्हणजे दोन देशांतली ६५० मेगावॅटची विजेची केबल तुटली, आणि फिनलंडने 'ईगल एस' हा टँकर स्वतःच्या पाण्यात आणून अडवला. दुसरी केबल एस्टलिंक-१ उरली होती, तिच्यावर पहारा द्यायला एस्टोनियाने लगेच 'राजू' पाठवली. केबलवर पहारा म्हणजे अक्षरशः वरून येणाजाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे बघत राहणं, हळू का झालं, वाट का सोडली. तेव्हा त्यांना घाई होती कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही बाल्टिक देश रशियाच्या वीज ग्रिडमधून बाहेर पडणार होते, पडलेही.

लोक मला विचारतात की कॅप्टन, अँकर असा आपोआप पडतो का. सांगतो. समुद्रात निघताना अँकर वर घेतला की विंडलासचा (अँकर ओढायच्या यंत्राचा) ब्रेक घट्ट करतात, चेन अडवायला बो स्टॉपरचा जाड बार पाडून पिन घालतात, वर वायरची लॅशिंग मारतात. म्हणजे तीन गोष्टी एकदम सुटल्या पाहिजेत. आणि सुटल्याच तर दहा-अकरा टनांचा अँकर आणि एकेक २७.५ मीटरच्या तुकड्यांची (शॅकलची) चेन खडखडत जाते, जहाजाच्या पुढच्या टोकाला आवाज आणि गंजाची धूळ, तळाला लागल्यावर स्पीड पडतो, इंजिनवर लोड येतो, चीफ इंजिनिअरचा ब्रिजवर फोन येतो. न कळणं अवघड. पण हेही खरं की म्हाताऱ्या, हात न लावलेल्या टँकरवर ब्रेकचं लायनिंग झिजलेलं, पिन गायब, लॅशिंग कुणी मारलंच नाही, असलंही मी जॉइन करताना बघितलंय. त्यामुळे मुद्दाम की हलगर्जीपणा ते ब्रिजवर नसलेल्या माणसाने ठरवू नये. 'ईगल एस'च्या खटल्यात कॅप्टन आणि दोन ऑफिसर आरोपी होते, त्यातला एक भारतीय, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या कोर्टाने हे प्रकरण आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून खटला काढून टाकला. केबल तुटल्याची जागा फिनलंडच्या हद्दीबाहेर होती.

इथेच नेव्हीची खरी अडचण आहे. फिनलंड आणि एस्टोनियाने १९९४ मध्ये ठरवून आपापली हद्द मधल्या रेषेपासून तीन-तीन मैल मागे ठेवली, म्हणजे मध्ये सहा मैलांचा खुला पट्टा राहिला, रशियाला जायला-यायला. त्या पट्ट्यात दुसऱ्या देशाचा झेंडा लावलेल्या जहाजावर उगाच चढता येत नाही. पण जहाजाला झेंडाच नसेल, किंवा खोटा असेल, तर समुद्री कायद्याने युद्धनौकेला चढून तपासायचा हक्क आहे, आणि एस्टोनियाने नेमकी तीच फट पकडली. एप्रिल २०२५ मध्ये 'किवाला' नावाचा टँकर असाच अडवला, जिबूतीचा झेंडा सांगत होता पण रजिस्टरवर नाव नाही. मे महिन्यात 'जॅग्वार', ह्याला गॅबॉनने रजिस्टरमधून काढलेलं, रेडिओवर सांगून ऐकेना, पेट्रोल शिप आणि हेलिकॉप्टर बाजूने चाललेत, तेवढ्यात रशियाचं सुखोई-३५ एस्टोनियाच्या हवाई हद्दीत येऊन घिरटी मारून गेलं. टँकर शेवटी रशियन पाण्यात निघून गेला. आणि काही दिवसांतच, १८ मे ला, एस्टोनियाच्या सिल्लामॅए बंदरातून निघालेला 'ग्रीन अॅडमायर' टँकर रशियाने अडवला आणि दोन दिवसांनी सोडला. ती वाट आधीपासून ठरलेली, रशियन पाण्यातून जाणारी आणि पाण्यात खोल बसणाऱ्या जहाजांना सोयीची होती. त्यानंतर एस्टोनियाने त्या जहाजांना आपल्याच पाण्यातून न्यायचं ठरवलं. म्हणजे एकाने प्यादं सरकवलं की दुसरा सरकवतो. जानेवारी २०२५ पासून नेटोची बाल्टिक सेंट्री नावाची पहाऱ्याची मोहीम चालू आहे, त्यामुळे एस्टोनिया एकटा नाही, पण रात्री तीन वाजता रेडिओवर आवाज देणारा ऑफिसर त्यांचाच असतो.

खरी लढाई झाली तर ह्या बोटी काय करणार असंही विचारलंय. बोटींवर मी फार भरवसा ठेवणार नाही, माइनहंटरवर लढण्यासारखं काही नसतं. भरवसा किनाऱ्यावरच्या ब्लू स्पिअर मिसाइलवर, ती ट्रकवरून सुटतात, आणि फिनलंडकडून विकत घेतलेल्या नव्या पाणसुरुंगांवर. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये नेटोत आल्यापासून आखाताचे दोन्ही किनारे एकाच बाजूला आहेत, हा बदल कुठल्याही बोटीपेक्षा मोठा. मनुष्यबळ काही शे माणसं फक्त. त्यात सँडाउन बोटी १९८९ ते १९९३ मधल्या, मध्ये दुरुस्त्या झाल्यात पण वय लपत नाही, आणि पेट्रोल बोटी कमीच पडतात. केबल एवढ्या आणि बोटी एवढ्याशा, सगळीकडे एकदम उभं राहणं शक्यच नाही.

आता भाच्याचं. तिकडच्या नेव्हीला घाबरायचं कारण नाही, ते क्रूशी नीट वागतात, भाषा नियमाची असते, ब्रिजवर आले तर सर्टिफिकेट, रजिस्ट्री, इन्शुरन्सचे कागद मागतात. घाबरायचं ते जहाजाला. एजंटकडून जहाजाचं नाव नको, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) घ्या, नाव दर सहा महिन्यांनी बदलतं, नंबर बदलत नाही. तो नंबर इक्वेसिस नावाच्या वेबसाइटवर टाका, फुकट आहे, जहाजाचं वय, झेंडा, क्लास सोसायटी (जहाजाची तपासणी करून प्रमाणपत्र देणारी संस्था), पी अँड आय (म्हणजे नुकसानभरपाईचा) इन्शुरन्स सगळं दिसतं. वर्षभरात दोनदा झेंडा बदललाय, क्लास माहितीतली नाही, इन्शुरन्सचा रकाना रिकामा आहे, तर पगार दुप्पट असला तरी नको. एजंटकडे डीजी शिपिंगचं (आपल्या सरकारच्या जहाज खात्याचं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करायचं, लायसन्स आहे का ते तपासा, आणि "सही दुबईत करू" म्हणाला तर तिथेच उठून या. जहाज कागदात सरळ असेल तर बिनधास्त पाठवा, फिनलंडच्या आखातात रिपोर्टिंग करायला शिकेल, टॅलिन ट्रॅफिक, हेलसिंकी ट्रॅफिक, सेंट पीटर्सबर्ग ट्रॅफिक ह्या किनाऱ्यावरच्या तीन वाहतूक केंद्रांशी बोलावं लागतं. आणि तिकडे जीपीएस जॅमिंग नेहमीचं झालंय, स्क्रीनवर जहाज भलतीकडेच दिसतं, म्हणून त्याला म्हणावं निघायच्या आधी रडारवर बेअरिंग आणि रेंज घेऊन पोझिशन टाकायची प्रॅक्टिस करून ठेव, कॉलेजात शिकवलेलं असतं पण पोरं विसरतात. आयएमओ नंबर मिळाला की इथेच टाका, मी बघून सांगतो.